नवप्रकाशची माघ पुनव

रविवारी सकाळी पुंडलिकनगरच्या घरात सगळे जमले ते आबांना थांबवायला. आबा सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं.

ठरवलं होतं आबांच्या मुलानं, सम्यकनं, आणि त्याच्या पाठीशी विशाखा उभी होती. एरवी या बहीण-भावाचं कधी एकमत व्हायचं नाही. पण डिसेंबरात आबा चार दिवस दवाखान्यात होते, आणि हृदयाचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलंय हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दोघं एका बाजूला आले. बावीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या विशाखाला पस्तीस म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी आबांनी, म्हणजे सांडूनं, ‘नवप्रकाश गायन पार्टी’ काढली. जयंतीला, पुनवेला, विहाराच्या वर्धापनदिनाला ही पार्टी गावोगाव फिरली. एके काळी पार्टीत अकरा जण होते. आता चार उरले होते. आबा गायचे, माय मागून झील धरायची आणि खंजिरी वाजवायची, बद्रीनाथकाका बेंजोवर, आणि ढोलकीला एका कानानं ठार बहिरे झालेले आप्पासाहेब. चौघांत वयानं लहान म्हणजे माय, एकोणसत्तर वर्षांची.

सम्यकनं मोबाइल आबांपुढं धरला. “बघा. गारखेड्यात हॉल घेतलाय. आठ फेब्रुवारी, रविवार. सगळे नातेवाईक येतील, माझे कंपनीतले लोक येतील. शाल, मानचिन्ह, जेवण. असं बॅनर छापतोय.”

आबांनी चष्मा चढवला आणि एकेक अक्षर वाचलं. “पन्नास वर्षांच्या स्वरयात्रेची सांगता.” मोबाइल परत देत ते म्हणाले, “चांगलं हाय. पण सांगता कुणाची?”

“आबा, आता बास. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्यासमोर सांगितलं.”

“आठ तारखेला येतो की तुझ्या हॉलात. शाल घेतो. पर एक तारखेला माघ पुनव हाय. आपल्याला धरणावर जायचंय.”

धरणावर म्हणजे पैठणच्या अलीकडं, जायकवाडीच्या पाण्यापासून कोसभर वर वसवलेल्या एका वस्तीत. जुनं गाव पाण्यात गेलं, आणि माणसं उचलून माळावर आणून टाकली. तिथं विहार म्हणून पत्र्याचं शेड उभं राहिलं, त्या वर्षी नवप्रकाशचा तिथला पहिला कार्यक्रम झाला. तेव्हापासून माघ पुनव चुकली नव्हती. यंदाचं त्रेचाळिसावं वर्ष.

“यंदा चुकेल,” सम्यक म्हणाला. “मी फोन करून सांगतो त्यांना.”

“तू कोण सांगणारा?”

“मुलगा.” सम्यकचा आवाज चढला. “मागच्या वर्षीचा व्हिडिओ पाहिला मी, आबा. तिसऱ्या कडव्याला तुमचा आवाज फाटला. खाली लोकांनी काय काय लिहिलंय, ते तुम्हाला वाचून दाखवू का? हसतात लोक.”

विशाखानं भावाकडं डोळे वटारले. हे बोलायचं ठरलं नव्हतं.

आबा शांतपणे म्हणाले, “त्या वस्तीतलं कुणी हसलं का?”

“ते मला काय माहीत?”

“मला माहीत हाय. तिथं मी होतो.”

 आता पाळी बद्रीकाकांची होती. गुरुवारी विशाखा त्यांच्या घरी गेली होती आणि तासभर बसून तिनं त्यांना तयार केलं होतं. ‘तुम्ही वाजवत नाही म्हणालात की आबा आपोआप थांबतील, काका. तुमच्याशिवाय ते दुसऱ्या कुणाच्या बेंजोवर गायचे नाहीत.’ काका बराच वेळ आपल्या सुजलेल्या बोटांकडं बघत बसले होते आणि मग मान हलवली होती.

आता त्यांनी बशी खाली ठेवली. कुणाकडंही न बघता म्हणाले, “सांडू, माझी बोटं गेली रे. मी नाय वाजवत आता.”

आबांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. विशाखाकडं बघितलं. “किती दिवस लागले तुला, याच्याकडून हे वदवून घ्यायला?”

विशाखाला खोटं बोलता आलं असतं. पण या माणसापुढं ते लहानपणापासून जमलं नव्हतं. “एक तास,” ती म्हणाली.

“एवढ्या लवकर?” आबा बद्रीकाकांकडं वळले. “पन्नास वर्षं तुला एका सुरावर थांब म्हणून सांगतोय, तर थांबत नाय. आन् पोरीनं तासात थांबवलं व्हय?”

बद्रीकाका हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

विशाखाचा सगळा भरवसा आता मायवर होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून माय तिला म्हणाली होती, “तूच सांग त्यांना. माझं ऐकत नाय ते.” त्या शब्दांवर तर हे सगळं उभं केलं होतं. म्हणून तिनं मायकडं वळून विचारलं, “माय, तू बोल ना. गप्प का?”

माय, म्हणजे गोजरबाई, भिंतीला टेकून बसली होती. पदर खांद्यावर घेत ती सावकाश उठली.

“बोलते की. मघापासनं बघतेय. ह्यांची पार्टी, ह्यांचा आवाज, ह्यांचा सत्कार. पार्टीत मी बी हाय. मला इचारलं का कुणी?”

“माय, तूच तर म्हणालीस...”

“मी म्हणले ह्यांना सांभाळ. मला घरी बसव म्हणले का?” तिनं सम्यकपुढं हात केला. “दाव तुझं बॅनर. वाच. माझं नाव कुठं हाय?”

सम्यकनं मोबाइलकडं पाहिलं. पडद्यावर आबांचा मोठा फोटो होता. खाली त्यांचं नाव, त्याखाली सम्यकचं, आणि कोपऱ्यात हॉलचा पत्ता. 

“लग्न होऊन आले तवा मला गाणं म्हणायची लाज वाटायची. हेच म्हणले, मागं बसून म्हण, कुणी बघत नाय. सेहेचाळीस वर्षं मागं बसून म्हणतेय. तू पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत म्हणलं, सम्यक. माझी सांगता तू परस्पर करायला निघाला व्हय?”

आबासुद्धा बायकोकडं बघत राहिले.  ते आज पहिल्यांदाच ऐकत असावेत, असा त्यांचा चेहरा झाला होता.

शेवटी तोडगा विशाखानंच काढला. ती रजा टाकून पुनवेला सोबत जाईल. बीपीचं मशीन, औषधं, सगळं तिच्याजवळ असेल. ती थांबा म्हणाली की गाणं थांबेल, मग कडवं अर्धं असो नाहीतर पाव. सम्यकनं आणखी एक अट घातली. हा शेवटचा कार्यक्रम आहे, हे आबांनी तिथं माइकवरून सांगायचं. पुढं आठ तारखेला हॉल.

आबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. निघताना सम्यक जिन्यात विशाखाला म्हणाला, “ताई, त्यांनी सांगितलंच पाहिजे. तू बघ. नाहीतर हे काही थांबायचं नाही.”

“बघते,” ती म्हणाली. आणि तिला ते मनापासून हवंही होतं.

पुनवेच्या दिवशी सकाळी आठला जीप दारात आली, तेव्हा बद्रीकाका आधीच कोपऱ्यावर उभे होते. बेंजोची पेटी त्यांनी दोन पायांत धरली होती.

“तू तर वाजवत नव्हता,” आबा म्हणाले.

“वाजवायला नाय, तुला सोडायला आलोय,” असं म्हणत बद्रीकाका जीपमध्ये चढले आणि पेटी मांडीवर घेऊन बसले. पैठण रोड लागला. मग आबांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढून त्यांच्यापुढं केली आणि तो विषय तिथंच संपला.

वस्तीवर पोचले तेव्हा वंदना होऊन गेली होती. पत्र्याच्या शेडच्या जागी आता पक्कं विहार होतं, पुढं निळा-पांढरा मांडव. खिरीच्या पातेल्याभोवती बाया, माणसं, पोरंटोरं. सव्वाशे-दीडशे असतील. जयंतीच्या मिरवणुकीचा डीजे याच्या दसपट माणसं गोळा करतो, हे विशाखाच्या मनात येऊन गेलं. पण जीप दिसताच म्हाताऱ्या बाया उठून आल्या, “जय भीम, गोजरबाई, आलीस का गं,” म्हणत मायच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडू लागल्या. आबांना नमस्कार नंतर झाला.

विशाखा स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात बसली. लहानपणी ती इथंच, याच चौघांच्या मागं गोधडीवर झोपायची. नोकरी लागल्यावर तिनं पार्टी ऐकली ती समोरच्या खुर्चीतून, आणि तीही क्वचित. त्यामुळं मागून काय दिसतं, ते ती विसरून गेली होती. पर्समधलं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन तिनं मुठीत धरून ठेवलं.

बद्रीकाकांनी तारा लावल्या. विशाखाच्या कानाला लगेच कळलं, आबांची पट्टी खाली आणलीय. ज्या माणसाला लोक काळी चारचा सांडू म्हणायचे, तो आज काळी दोनमध्ये गाणार होता. तिच्या मनात काहीतरी खचलं.

आणि गाणं सुरू झालं.

*दिवा पाटीवर लाव गं माय,*
*अंधार अक्षराला भितो...*

हे आबांचं स्वतःचं गाणं. आवाज पहिल्यासारखा नव्हता. कडेला चिरा पडलेल्या रांजणासारखा तो जागोजागी झिरपत होता. पण समोरची माणसं डोलायला लागली होती, आणि ती का डोलतात हे विशाखाला समोरून कधीच कळलं नसतं. मागून ते दिसलं.

माय आबांच्या अगदी वीतभर मागं उभी होती. खंजिरी उजव्या हातात. डावा हात आबांच्या पाठीवर, सदऱ्याला नुसता टेकलेला. ओळ संपत आली, आबांचा श्वास उणा पडायला लागला की तो तिच्या तळव्याला कळायचा. मग शेवटची तीन अक्षरं आबांनी सोडायच्या आत तीच अक्षरं माय उचलायची. समोरच्याला वाटायचं, झील सुरू झाली. खरं म्हणजे आबा तेवढ्यात श्वास घेऊन पुढच्या ओळीला तयार झालेले असायचे. दोन आवाजांच्या सांध्यात सुई शिरली नसती.

बद्रीकाकांनी तार छेडायची नखी बोटांना चिकटपट्टीनं बांधली होती. बोटं मिटत नव्हती, म्हणून ते मनगटानं वाजवत होते. पूर्वीच्या त्यांच्या पळत्या जागा गेल्या होत्या. त्याऐवजी ते एकेक सूर असा ठेवत होते, की आबांना त्यावर हात टेकून पुढं जाता यावं. आणि आप्पासाहेब ढोलकी वाजवताना कुणाकडंच लक्ष देत नाहीत असं तिला आजवर वाटायचं. ते तर सगळा वेळ मायच्या खंजिरीकडं बघत होते. ऐकू येत नव्हतं ते ते डोळ्यांनी घेत होते.

चार म्हातारी माणसं मिळून एक धडधाकट गाणारा उभा करत होती. विशाखानं हॉस्पिटलात अनेक डॉक्टर एकाच रुग्णाभोवती राबताना पाहिले होते. पण एवढं बिनबोलाचं काम तिनं तिथंही क्वचित पाहिलं होतं.

चौथ्या गाण्याला मात्र आबा मध्येच थांबले.

कडवं अर्धं होतं. त्यांनी माइकचा दांडा धरला, मान खाली घातली. विशाखाला त्यांच्या मानेवरची शीर उडताना दिसली, ओठांचा रंग दिसला. ती उठली. तेवढ्यात मायनं मागं वळूनही न बघता खंजिरीचा हात तिच्या दिशेनं उचलला आणि पंजा दाखवला. थांब.

बद्रीकाकांनी तीच ओळ बेंजोवर घोळवायला घेतली. ढोलकी हलकी झाली, नुसती पावलं टाकल्यासारखी. मायनं आबांच्या पुढचा माइक आपल्याकडं ओढला.

“बायांनो, हे गाणं कुठं जुळलं, माहीत हाय का? हिथंच. शेडात. त्या साली तुमच्यातली एक म्हातारी आमच्या पुढं येऊन बसली. म्हणली, माझं घर पाण्यात, माझं जातं पाण्यात, पोरांच्या शाळेचा फळा बी पाण्यात. म्हणली, मला रडायचं नाय, मला असं गाणं पाहिजे की ज्यात फळा वर येईल. कोण होती सांगा?”

“माझी आजी!” मांडवातून एक बाई ओरडली. “गयाबाई!”

“गयाबाई. ती आन् मी रातभर...” माय बोलत गेली. बाया हसल्या, एकदोघींनी डोळे पुसले. तीन-साडेतीन मिनिटं गेली असतील. आबा खुर्चीत बसून पाणी पीत होते. विशाखानं गपचूप त्यांच्या बोटाला मशीन लावलं. ब्याण्णव. मग त्र्याण्णव. मग चौऱ्याण्णव. ती ‘बास’ म्हणायला तोंड उघडत होती, तेवढ्यात आबांनी तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत हट्ट नव्हता. विनंती होती, आणि ती विशाखानं त्यांच्या डोळ्यांत जन्मात कधी पाहिली नव्हती.

“एकच कडवं,” ती कुजबुजली. “बसून. आणि हळू.”

आबांनी बसूनच, जिथं सोडलं होतं तिथूनच ओळ उचलली. हळू. इतकी हळू, की मागच्या रांगेतल्या माणसांनी पोरांना गप्प केलं. फाटलेल्या त्या आवाजात, ओरडायची ताकद संपल्यावर, एकेक शब्द नीट दिसायला लागला होता. तरुणपणी त्यांच्या तानेखाली हे शब्द झाकून जायचे. चाळीस वर्षं ऐकलेल्या त्या गाण्याचा अर्थ विशाखाला आज लागला, आणि आपण रडतोय हे तिला गाल ओले झाल्यावर कळलं.

कार्यक्रम संपला तेव्हा बद्रीकाका बोटांवरची चिकटपट्टी सोडवत होते. ती त्यांच्याजवळ गेली. “काका, माय ती गोष्ट नेहमीच सांगते का? तिथंच?”

“तिथंच कुठं? जिथं त्याला लागंल तिथं. परत्येक गाण्याला तिच्याकडं एकेक गोष्ट हाय. लहान दम लागला तर लहान गोष्ट, मोठा लागला तर मोठी.” त्यांनी पट्टी चुरगाळून खिशात टाकली. “तुम्हाला डिसेंबरात कळलं ना, त्याच्या काळजाचं? आम्हाला चार वर्षांपासून माहीत हाय. रिपोर्ट नव्हता आमच्याकडं. पर श्वास मोजत होतो.”

 आपण आबांना वाचवायला आलो, असं विशाखा वाटेभर समजत होती.

मांडवात आबा परत माइकपुढं उभे राहिले होते. तिला सम्यकची अट आठवली आणि ती जागीच थांबली.

“आमच्या पोरानं सांगितलंय,” आबा म्हणाले, “की म्हणावं, हा शेवटचा कार्यक्रम. पोरगं गुणाचं हाय. माझ्या काळजीनं सांगतंय. पर मला खोटं बोलायची सवय नाय. शेवटचा कोणता, हे आधी कुणाला कळलंय? पुढच्या माघ पुनवेला आम्ही चौघं येऊ, नायतर तिघं येऊ. तिघं आले तर तिघांचं ऐका. जय भीम.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळा मांडव उभा राहिला आणि “जय भीम” म्हणाला.

खीर खाऊन जीपमध्ये सामान चढवत असताना शेजारच्या वाडीतले दोघं जण आले. त्यांच्याकडं विहाराची कोनशिला बसवायचा कार्यक्रम होता, आणि त्यांनी डीजे सांगितला होता. “पर आज ऐकलं आन् वाटलं, तुम्हीच या. दुपारी, दोन तास. येत्या आठ तारखेला, रविवारी.”

आबा बायकोकडं वळले. “तू सांग. पार्टीत तू बी हाय.”

गोजरबाईला हसू फुटलं. तिनं ते पदराआड दडवलं आणि विशाखाकडं बोट केलं. “आता हिला इचारा. थांबवायचं काम हिच्याकडं हाय.”

चौघं म्हातारे आणि वाडीतले ते दोघं, सगळे तिच्याकडं बघू लागले. विशाखानं मनातल्या मनात आकडे मांडले. पस्तीस, ब्याण्णव, चौऱ्याण्णव. ते आकडे खरे होते आणि खरेच राहणार होते. एक दिवस एखाद्या मांडवात मायची गोष्ट संपेल आणि आबांना श्वास सापडायचा नाही, हेही तिला दिसत होतं. तो दिवस घरात पलंगावर बसून वाट बघितली तरी येणारच होता. फक्त तिथं त्यांच्या पाठीवर हात ठेवायला, सूर धरायला ही माणसं नसती.

“चार गाणी,” ती म्हणाली. “सगळी बसून. आणि मी सोबत येणार. कबूल असेल तर घ्या.”

“कबूल,” आबांच्या आधी आप्पासाहेब म्हणाले. त्यांना नेमकं काय ऐकू आलं होतं, कोण जाणे.

जीप निघायच्या आधी ती विहाराच्या कट्ट्यापाशी गेली आणि भावाला फोन लावला. सम्यकनं पहिल्या रिंगलाच उचलला.

“ताई, बरे आहेत ना?”

“बरे आहेत. थकलेत. खीर खाल्ली.”

“सांगितलं का त्यांनी, शेवटचा म्हणून?”

“नाही. सम्यक, आठ तारखेचा हॉल रद्द कर.”

 “तू पण?” तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात राग नव्हता. तिला वाटलं, त्यालाही कुठंतरी सुटल्यासारखं झालं असावं. “अगं, पण शंभर माणसांना आमंत्रण गेलंय. त्यांना मी काय सांगू?”

विशाखानं जीपकडं पाहिलं. पुढच्या सीटवर कुणी बसायचं, यावरून आबा आणि बद्रीकाका भांडत होते.

“सांग, त्या दिवशी पार्टीला तारीख आहे,” ती म्हणाली. “ज्यांना यायचंय त्यांना वाडीचा पत्ता दे.”